विजेत्यांच्या स्पर्धेचं करायचं काय? खानापूरकडच्या एका मंडळाचं प्रकरण

खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या युवक मंडळापुढं प्रश्न होता. त्यांनी दोन वर्षं भरवलेली विजेत्यांची फुटबॉल स्पर्धा तिसऱ्या वर्षी भरवायची, बंद करायची, की तिचं रूप बदलायचं? पहिल्या वर्षी स्पर्धा गाजली होती. दुसऱ्या वर्षी ती फसली, असं निदान गावाचं मत होतं. मंडळानं सामन्यांची पत्रकं, जमाखर्चाची वही आणि संघांशी झालेला पत्रव्यवहार माझ्याकडं, म्हणजे एका निवृत्त पी.टी. मास्तराकडं, आणून दिला. सर्वसाधारण सभेआधी काहीतरी लिहून द्या सर, म्हणाले. त्यातली गावाची आणि माणसांची नावं काढून हे इथं मांडतोय, कारण हाच घोळ निपाणीपासून हल्याळपर्यंत कुठं ना कुठं होतच असतो.

मूळ कल्पना मंडळाच्या सेक्रेटरींची. ते बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये लेथवर असतात. २ जुलै २०१७ ला रशियात कॉन्फेडरेशन्स कपचा अंतिम सामना झाला, तो आपल्याकडं रविवारी रात्री साडेअकराला सुरू झाला. सोमवारी पहिली पाळी असूनही त्यांनी तो शेवटच्या शिट्टीपर्यंत बघितला. जर्मनी १, चिली ०. विसाव्या मिनिटाला चिलीच्या बचावात चूक झाली आणि लार्स श्टिंडलनं मोकळ्या जाळीत चेंडू सारला. त्याच वर्षी ऑक्टोबरात सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात आला, तेव्हा हीच मंडळी चोर्ला घाट उतरून गोव्यात फातोर्ड्याला गेली आणि इराणनं जर्मनीला ४-० नं लोळवलेलं बघून आली. मोठं फुटबॉल इतक्या जवळ येऊ शकतं हे एकदा डोळ्यांनी बघितलं की माणूस स्वस्थ बसत नाही.

सभेत अर्ध्या लोकांना कॉन्फेडरेशन्स कप म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. फिफाच्या छत्राखाली सहा खंडीय महासंघ आहेत: युरोप, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, आशिया, उत्तर-मध्य अमेरिका व कॅरिबियन, आणि ओशनिया. या सहांचे विजेते देश, शिवाय जगज्जेता देश आणि यजमान, असे आठ संघ. चार-चारचे दोन गट, प्रत्येक गटातले दोन उपांत्य फेरीत, तिसऱ्या क्रमांकाचा सामना आणि अंतिम सामना. एकूण सोळा सामने. तेव्हाच्या विश्वचषकाचे चौसष्ट सामने बघणं नोकरदार माणसाला जमत नव्हतं, सोळा जमायचे. सेक्रेटरींना हेच आवडलं होतं. कमी संघ, आणि आलेला प्रत्येक जण कुठला तरी विजेता.

त्यांनी आपला नकाशा तसाच पाडला. बेळगाव शहर, बेळगाव ग्रामीण, खानापूर, निपाणी-चिक्कोडी, पलीकडचं चंदगड-गडहिंग्लज आणि घाटाखालचा गोव्यातला सत्तरी भाग, असे सहा विभाग. प्रत्येक भागातल्या त्या हंगामातल्या मोठ्या स्पर्धेचा विजेता बोलवायचा. सातवा संघ आपल्याच गावच्या यात्रेत मे महिन्यात होणाऱ्या खुल्या स्पर्धेचा विजेता. आठवा यजमान. सात-सात खेळाडू, शनिवार-रविवार दोन दिवस, जानेवारी महिना, भातकापणीनंतरचं शेत. तीन राज्यांतली पोरं एका मैदानावर येतात आणि कुणाला कुणाचा पास दाखवावा लागत नाही, याचं गावाला अप्रूप होतं. आपल्या भागात हे बोलून दाखवायची गरज नसते.

पहिल्या वर्षाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आठही संघ आले, यजमान संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला, हरला तरी गाव खूश. नव्या गोष्टीला पहिल्या वर्षी सगळेच येतात. कोण आलं यापेक्षा का आलं, हे त्या वर्षी कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी काय झालं ते मात्र नीट बघायला हवं.

बोलावलेल्या सहा विभागांपैकी एकानं सरळ नकार कळवला. त्याच आठवड्यात कोल्हापूरला त्यांचे दोन मुख्य खेळाडू पैसे घेऊन खेळणार होते. शाहू स्टेडियमवर हंगाम ऐन भरात असताना आमच्या शेतात गुडघे फोडून घ्यायला ते का येतील? दुसऱ्या विभागाच्या संघातली निम्मी पोरं उसाच्या तोडीत आणि वाहतुकीत अडकलेली. कारखाने चालू असताना जानेवारीत ट्रॅक्टर थांबत नाही. त्यांच्याऐवजी उपविजेता आला. बेळगाव शहराच्या विजेत्यानं तर आपला पहिला संघ घरी ठेवला आणि एकोणीस वर्षांखालची पोरं पाठवली. गावात बोभाटा झाला. ‘आमची किंमत काय ती कळली’ असं एका ज्येष्ठ सभासदांनी माइकवर सांगितलं, ते सांगायला नको होतं. आणि गंमत म्हणजे शेवटी ती पोरंच स्पर्धा जिंकून गेली.

एका संघानं पहिल्याच सामन्यात अकरा गोल खाल्ले, तेही वीस-वीस मिनिटांच्या खेळात. आमच्या गोलच्या मागं बसलेल्या पोरांनी प्रत्येक गोलला त्याच संघाच्या नावानं घोषणा दिल्या, म्हणजे ज्यानं खाल्ले त्याच्या नावानं.

तिसरा घोळ जागेचा. यात्रेच्या स्पर्धेचा विजेता आणि एका विभागाचा विजेता हा एकच संघ निघाला. मग रिकामी जागा कुणाची? मंडळानं ती गावाशी सोयरीक असलेल्या शेजारच्या गावच्या संघाला दिली. विभागाचा उपविजेता चिडला, त्यांचे दोन जण मोटरसायकलवर येऊन सेक्रेटरींच्या घरापुढं उभे राहिले. मारामारी झाली नाही, चहा झाला. पण त्या भागातून यंदा पत्राला उत्तर आलेलं नाही.

आणखी एक प्रश्न सीमेवरच्या एका संघाचा. गाव चंदगड तालुक्यात, पण पोरं कामाला बेळगावात, सराव बेळगावात, सामनेही बेळगावच्या संघांशीच. ते म्हणाले, आम्हाला बेळगाव ग्रामीणमध्ये धरा, चंदगडकडं आम्हाला तोडीचं कुणी नाही.

या चारही गोष्टी मंडळाला स्वतःचा नालायकपणा वाटत होत्या. खजिनदार, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, सभेत म्हणाले, ‘आमच्याकडनं होत नाही हे, कबूल करा की.’ माझं म्हणणं वेगळं आहे. ज्या स्पर्धेची नक्कल केली, तिच्यात या चारही गोष्टी घडल्या होत्या. फिफाकडं पैसा आहे, माणसं आहेत, वकील आहेत. तरीही घडल्या. तेव्हा दोष आयोजकात कमी आणि विजेत्यांची स्पर्धा या साच्यात जास्त आहे. साचा कुठं तडकतो ते आधी समजून घ्यावं लागेल.

कॉन्फेडरेशन्स कपचा उगम युरोपात नाही, सौदी अरेबियात आहे. १९९२ मध्ये सौदीनं राजे फहद यांच्या नावानं चषक ठेवला आणि रियाधमध्ये खंडांचे विजेते बोलावले. संघ फक्त चार: यजमान, अर्जेंटिना, अमेरिका आणि आयव्हरी कोस्ट. अंतिम सामन्यात अर्जेंटिनानं सौदीला ३-१ नं हरवलं. १९९५ मध्ये सहा संघ होते. डेन्मार्कनं अर्जेंटिनाला २-० नं हरवून चषक नेला. १९९७ मध्ये फिफानं स्पर्धा हाती घेतली, आठ संघ केले, स्थळ पुन्हा रियाध. त्या अंतिम सामन्यात ब्राझीलनं ऑस्ट्रेलियाला ६-० नं चिरडलं, रोनाल्डो आणि रोमारियोचे तीन-तीन गोल. म्हणजे या स्पर्धेची गरज पहिल्यांदा कुणाला होती? यजमानाला. आपल्या मैदानावर मोठे संघ यावेत, आपल्या पोरांनी त्यांच्याशी दोन हात करावेत, ही त्याची हौस होती. विजेत्यांना तिची गरज नव्हती. हा मुद्दा मी मंडळाला पुन्हा पुन्हा सांगत राहिलो, कारण बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

नकार तर पहिल्यापासूनच आहेत. १९९७ ला युरोपचा विजेता जर्मनी आलाच नाही. बदली म्हणून १९९६ च्या युरो स्पर्धेत त्यांच्याकडून हरलेला चेक संघ गेला. १९९९ ला मेक्सिकोत जगज्जेता फ्रान्स गेला नाही. २००३ ला फ्रान्समध्ये स्पर्धा असताना विश्वचषकाचा उपविजेता जर्मनी पुन्हा नाही म्हणाला आणि शेवटी तुर्कस्तानला जागा मिळाली. उन्हाळ्यातल्या स्पर्धांबाबत कारण उघड आहे. युरोपातल्या खेळाडूचा हंगाम मेमध्ये संपतो, जून-जुलै ही त्याची विश्रांती, आणि त्याला पगार देणाऱ्या क्लबला तो ऑगस्टमध्ये ताजातवाना हवा असतो. कोल्हापूरला खेळायला गेलेल्या आमच्या दोन पोरांना खिशाचा विचार करावा लागला. तिकडच्यांनाही तोच करावा लागला, फक्त खिसा मोठा.

दुसरा संघ पाठवण्याचं तर सगळ्यात मोठं उदाहरण सेक्रेटरींनी स्वतः रात्र जागवून बघितलं होतं. २०१७ ला जगज्जेता म्हणून आलेल्या जर्मनीनं क्रूस, म्युलर, ओझिल, हुमेल्स या सगळ्यांना सुट्टी दिली. कर्णधार होता तेवीस वर्षांचा युलियान ड्राक्सलर. त्या पोरांनी चषक नेला. ड्राक्सलर स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि टिमो व्हेर्नरला सर्वाधिक गोलांचा मान मिळाला. पुढच्या वर्षी त्याच रशियात जर्मनीचा पुरा ताकदीचा संघ विश्वचषकाच्या गटातच गारद झाला, कझानमध्ये दक्षिण कोरियाकडून ०-२ नं हरून. मी हे सभेत सांगितल्यावर सेक्रेटरी म्हणाले, ‘म्हणजे सर, शहरवाल्यांनी पोरं पाठवली त्यात अपमान काय नव्हता.’ अपमान नव्हता, पण प्रेक्षकाला कुणाला बघायला बोलावतोय ते आधी सांगायला हवं होतं. फ्लेक्सवर पहिल्या संघातल्या स्ट्रायकरचा फोटो छापून मैदानात दहावीतली पोरं उतरवली, तर लोक चिडणारच.

अकरा गोलांबद्दल मात्र मंडळाशी माझं जमलं नाही. त्यांना वाटतं तो विभागच काढून टाकावा. मी त्यांना ताहितीची गोष्ट सांगितली. २०१३ ला ब्राझीलमध्ये ओशनियाचा विजेता म्हणून ताहिती आला. संघात धंदेवाईक खेळाडू एकच, मारामा वाहिरुआ. बाकीचे नोकऱ्या सांभाळून खेळणारे. नायजेरियानं सहा, स्पेननं दहा आणि उरुग्वेनं आठ, असे तीन सामन्यांत चोवीस गोल त्यांच्यावर झाले. पण नायजेरियाविरुद्ध कॉर्नरवर जोनाथन तेहाऊनं डोक्यानं एक गोल केला आणि ती सगळी पोरं मैदानात रांगेत बसून होडी वल्हवायला लागली. रिओच्या माराकाना स्टेडियमवर स्पेनविरुद्ध १०-० होत असताना ब्राझीलचे प्रेक्षक ताहितीच्या बाजूनं ओरडत होते. आठ संघांत या स्पर्धेची सगळ्यात जास्त किंमत कुणाला होती? ज्यानं सगळ्यात जास्त गोल खाल्ले त्याला. आमच्याकडं अकरा गोल खाल्लेला संघ छोट्या हत्तीतून ढोल घेऊन आला होता. हरल्यावर निघून न जाता रविवारी रात्री बक्षीस समारंभापर्यंत थांबला, आणि जाताना मैदानातल्या बांबूंच्या मोळ्या बांधायला त्यांची चार पोरं मागं राहिली. जिंकणारा शहराचा संघ चषक घेऊन लगेच गाडीत बसला. मंडळानं काढायचं कुणाला ते ठरवावं.

सीमेवरच्या संघाचा प्रश्न फिफासमोरही आला होता, तो ऑस्ट्रेलियाच्या रूपानं. तो संघ ओशनियात होता आणि तिथं त्याला तोडीचा प्रतिस्पर्धी नव्हता. २००१ मध्ये अमेरिकन सामोआवर त्यांनी ३१-० असा विजय मिळवला, ही बातमी तेव्हा आपल्या पेपरांतही आली होती. ओशनियाचा विजेता म्हणून १९९७, २००१ आणि २००५ ला ते कॉन्फेडरेशन्स कपमध्ये आले. २००१ ला तर तिसऱ्या जागेसाठी ब्राझीलला १-० नं हरवलं. २००६ पासून ते आशियात गेले, २०१५ चा आशिया चषक जिंकले आणि २०१७ ला आशियाचे म्हणून रशियाला पोचले. जिथं खेळ होतो तिथं जाणं, ही साधी गोष्ट. चंदगडकडच्या त्या पोरांचं म्हणणं मला पटलं. नकाशावरची रेघ काहीही सांगो, ती पोरं रोज सकाळी बेळगावचीच बस पकडतात.

जागेच्या भांडणाचं उत्तर सगळ्यात सोपं आणि मंडळानं ते सगळ्यात वाईट हाताळलं. एकच संघ दोन वाटांनी आत आला तर त्याच्या खालचा उपविजेता घ्यायचा, हे आधी लिहून ठेवायचं. २००५ ला ब्राझील जगज्जेताही होता आणि दक्षिण अमेरिकेचा विजेताही, म्हणून अर्जेंटिना आला; अंतिम सामना त्या दोघांतच झाला, ब्राझील ४-१. २०१३ ला स्पेनकडं विश्वचषकही होता आणि युरो चषकही, म्हणून युरोचा उपविजेता इटली आला. तिथं सोयरीक चालली नाही.

इथवर सगळं ‘त्यांच्याकडंही असंच झालं’ या थाटाचं झालं. पण मग ती स्पर्धा इतकी वर्षं चालली कशी? आणि बंद का पडली? मंडळाला खरी मदत याच उत्तरातून मिळणार होती.

ती चालली कारण तिला दुसरं काम मिळालं. २००१ ची स्पर्धा कोरिया-जपानमध्ये झाली, पुढच्या वर्षीचा विश्वचषक तिथंच होता. २००५ पासून हा क्रम पक्का झाला: दर चार वर्षांनी, विश्वचषकाच्या आदल्या वर्षी, त्याच देशात. स्पर्धा म्हणजे विश्वचषकाची रंगीत तालीम. २००५ चा अंतिम सामना फ्रँकफर्टच्या नव्या छताखाली खेळवला आणि मुसळधार पावसात ते छत मैदानावरच गळायला लागलं. कॉर्नरजवळ धार लागली होती. वर्षभर आधी कळलं, बरं झालं. २००९ ला दक्षिण आफ्रिकेत व्हुव्हुझेलाच्या आवाजानं टीव्हीवाले वैतागले. वाद्यावर बंदी घालायची का, ही चर्चा २०१० च्या आधीच होऊन गेली. २०१३ ला ब्राझीलमध्ये बसभाड्यावरून पेटलेली निदर्शनं स्टेडियमच्या खर्चापर्यंत पोचली आणि सरकारला पुढच्या वर्षी रस्त्यावर काय येणार ते दिसलं. चेंडू गोलरेषेपार गेला का ते सांगणारं तंत्र त्याच स्पर्धेत वापरून बघितलं. २०१७ ला रशियात व्हिडिओ पंचांना राबवून पाहिलं, तेव्हा निर्णयांना लागणारा वेळ आणि गोंधळ सगळ्या जगानं बघितला. अंतिम सामन्यातही चिलीच्या गोन्सालो हाराचं कोपर व्हेर्नरच्या तोंडावर बसलं, पंचांनी पडद्यावर जाऊन बघितलं आणि तरीही फक्त पिवळं कार्ड दिलं. तालमीत चुकायला मुभा असते. लग्नाच्या आदल्या दिवशी आचारी चूल पेटवून बघतो, तेवढंच हे.

मैदानावरचं फुटबॉल वाईट होतं असं नाही. २००९ ला इजिप्तनं जगज्जेत्या इटलीला १-० नं हरवलं. अमेरिकेनं उपांत्य सामन्यात स्पेनची पस्तीस सामन्यांची अपराजित वाटचाल २-० नं थांबवली आणि अंतिम सामन्यात ब्राझीलविरुद्ध मध्यंतराला २-० नं पुढं असूनही ३-२ नं हरली. पण चषकाच्या मानाचं म्हणाल तर, हा कप जिंकलेल्या संघानं लगेचचा विश्वचषक एकदाही जिंकला नाही. २०१७ चा उपविजेता चिली तर २०१८ च्या विश्वचषकाला पात्रही ठरला नाही.

आणि बंद पडली ती तालमीचं गणित बिघडल्यावर. २०२२ चा विश्वचषक कतारमध्ये, उन्हामुळं नोव्हेंबर-डिसेंबरला ढकललेला. मग २०२१ च्या जूनमध्ये तिथल्या उन्हात तालीम कशी होणार, आणि हिवाळ्यात क्लब खेळाडू कसे सोडणार? १५ मार्च २०१९ ला फिफानं कॉन्फेडरेशन्स कप गुंडाळला आणि त्या जागी मोठा क्लब विश्वचषक आणायचं ठरवलं. पण कतारनं तालीम सोडली नाही. २०२१ च्या शेवटी त्यांनी त्याच मैदानांवर अरब चषक भरवला. अंतिम सामन्यात अल्जेरियानं ट्युनिशियाला जादा वेळेत हरवलं. खंडांच्या विजेत्यांवाचून यजमानाचं काही अडलं नाही.

हे डोक्यात ठेवून मी मंडळाच्या दोन्ही वर्षांच्या वह्या पुन्हा चाळल्या, फक्त एवढंच शोधायला की जानेवारीत काय बिघडलं आणि मेमधल्या यात्रेच्या स्पर्धेत ते पुन्हा बिघडलं का.

दुसऱ्या वर्षी शनिवारी रात्री जनरेटर बसला. फ्लडलाइट, स्पीकर आणि कडेच्या चायनीजच्या गाड्याची लाइन, सगळं एकाच जनरेटरवर ओढलं होतं. मैदान अर्धा तास अंधारात. मेमध्ये दोन जनरेटर, गाड्यांना वेगळी लाइन. जानेवारीत टेम्पो रस्त्यावर उभे राहिले आणि खानापूरची बस अडकली, पोलीस आले. मेमध्ये देवळामागचं रान पार्किंगला घेतलं. भाताची धसकटं नीट उपटली नव्हती. वरून रोलर फिरवला, त्यावर फक्की मारली, वरकरणी मैदान छान दिसत होतं. पण घसरून टॅकल करणाऱ्या पोरांच्या मांड्या सोलून निघाल्या. मेच्या आधी गावच्या बायकांना रोजंदारीवर लावून धसकटं मुळासकट काढली आणि दोन टँकर पाणी मारून माती बसवली. फ्लेक्सवर कन्नड अक्षरं लहान आहेत म्हणून पंचायतीच्या पीडीओंनी, म्हणजे विकास अधिकाऱ्यांनी, बोलावून घेतलं होतं; मेमध्ये कन्नड वर आणि मोठं, मराठी खाली, कुणाची तक्रार नाही.

सगळ्यात गंभीर गोष्ट वहीत एका ओळीत होती. रविवारी दुपारी एक पोरगा चक्कर येऊन पडला. दोन दिवसांत पाच सामने खेळायचे, तेही उन्हात. प्रथमोपचार पेटीत पट्टी आणि स्प्रे एवढंच. १०८ ला फोन केला, रुग्णवाहिका यायला वेळ लागला, पोरगा तोवर उठून बसला. सभेत कुणी हा विषय काढला नाही. मी काढला, आणि सोबत २६ जून २००३ ची तारीख सांगितली. फ्रान्समधल्या ल्योंमध्ये याच कपच्या कॅमेरून-कोलंबिया उपांत्य सामन्यात बहात्तराव्या मिनिटाला मार्क-व्हिव्हियन फो मध्यवर्तुळात कोसळला. जवळ कुणीही नव्हतं, धक्का लागला नव्हता. अठ्ठावीस वर्षांचा धडधाकट खेळाडू, हृदयाचा जन्मजात दोष आधी कुणाच्या लक्षात आलेला नव्हता. तो वाचला नाही. फिफाच्या स्पर्धेत, डॉक्टरांच्या देखत हे झालं. आपल्याकडं जवळचं मोठं हॉस्पिटल बेळगावात, तेही रेल्वे गेट बंद नसेल तर. मेमध्ये मंडळानं रुग्णवाहिका दोन्ही दिवस मैदानाजवळ उभी करून ठेवली आणि एका दिवसात एका संघाला दोनपेक्षा जास्त सामने दिले नाहीत.

जमाखर्चाच्या वहीत यातलं काहीच दिसत नाही. तिथं जानेवारीची स्पर्धा नुसती तोट्यात आहे. देणगीदार मेमधल्या गर्दीला पैसे देतो, जानेवारीतल्या जनरेटरला नाही. पण मेमधली स्पर्धा ज्या कारणानं नीट पार पडली ती सगळी कारणं जानेवारीत सापडली होती.

सभेपुढं तीन वाटा होत्या. तात्यांची वाट: बंद करा. ज्येष्ठांची वाट: आठ संघ नकोत, दोनच मोठे विजेते आणा, एकच सामना लावा, तिकीट लावा. तसा नमुनाही आहे. युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्यांचा एक सामना २०२२ च्या जूनमध्ये वेम्ब्लीवर झाला, अर्जेंटिनानं इटलीला ३-० नं हरवलं. दोन बडे संघ एका रात्रीसाठी आणणं सोपं असतं. पण त्यात यजमान संघ खेळत नाही आणि ढोल घेऊन येणारा तो संघही नाही, म्हणून मला ती वाट आवडली नाही. तिकिटाला मात्र गर्दी झाली असती, हे मान्य.

माझी शिफारस तिसरी होती. स्पर्धेला विजेत्यांचा महाकुंभ म्हणून मिरवणं सोडा आणि तिला यात्रेच्या स्पर्धेची तालीम म्हणून उघड जाहीर करा. जानेवारी सोडून एप्रिलच्या अखेरीला घ्या: ऊस संपलेला, दहावीची परीक्षा झालेली, वळीव अजून अडवा आलेला नसतो. प्रत्येक विभागाला एकवीस वर्षांखालचा संघ पाठवायची मुभा द्या आणि फ्लेक्सवर तसं छापा. जिंकणाऱ्याला मेमधल्या खुल्या स्पर्धेत थेट उपांत्यपूर्व फेरीत जागा द्या. रोख बक्षिसापेक्षा हे आमिष मोठं, कारण मेमध्ये तिथं कोल्हापूर-गोव्याचे संघ येतात आणि बघायला माणसं येतात. नवे पंच, नवे दिवे, नवी पार्किंग, जे काही मेमध्ये वापरायचं ते आधी इथं वापरा.

सेक्रेटरींना ‘तालीम’ म्हणणं रुचलं नाही. ‘सर, मग लोक म्हणणार काय करूलालाय तुम्ही, सरावाला आम्हाला बोलावलं म्हणून.’ त्यांचं म्हणणं चूक नाही. फिफानंही आपल्या चषकाला कधी सराव म्हटलं नव्हतं. सोन्याचा मुलामा दिलेला चषक ठेवला होता आणि ब्राझीलनं तो चार वेळा, फ्रान्सनं दोन वेळा मिरवत नेला. नाव विजेत्यांचंच ठेवा, पण हिशोब तालमीचा ठेवा, यावर आमचं जमलं.

सभेनं अर्धं मान्य केलं. तारीख एप्रिलच्या शेवटच्या शनिवार-रविवारवर गेली. एकवीस वर्षांखालच्या संघाची मुभा मंजूर झाली, पण यजमान संघाला नाही. यजमानानं आपला पूर्ण संघ उतरवायचाच, हा ज्येष्ठांचा आग्रह, आणि तो मला आवडला. थेट उपांत्यपूर्व फेरीचा ठराव एका मतानं पडला, कारण यात्रेच्या समितीला आपल्या सोडतीत दुसऱ्याचा हात नको होता. चंदगडकडच्या संघाला बेळगाव ग्रामीणमध्ये धरलं. अकरा गोल खाल्लेला विभाग कायम राहिला, पण तात्यांनी त्यांच्या प्रवासखर्चाची तरतूद नामंजूर केली, म्हणजे पुन्हा छोटा हत्तीच. दोन वाटांनी आत येणाऱ्या संघाबद्दलचा नियम नोटीस बोर्डावर लावायचं ठरलं, तोही दोन्ही भाषांत, आणि ज्या उपविजेत्याला गेल्या खेपेला डावललं त्यांच्या गावी सेक्रेटरींनी पत्र न पाठवता स्वतः जायचं. तात्यांनी फक्त एवढं विचारलं, की त्या फेरीचं पेट्रोल कोणत्या खात्यावर टाकायचं.